फौजी ड्रायव्हरला टेस्ट माफ

"अठरा हजार फूट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आन मधी एवढीशी वाट. वरनं बर्फ पडतोय. तरी सतरा वर्षांत माझ्या गाडीला साधा खरचटा न्हाई."

जानकूनं हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की चहाच्या टपरीवरची मंडळी ते त्याच्याबरोबरीनं म्हणायची, जत्रेतल्या आरतीसारखं. शिनोलीच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. दोन हजार एक साली तो फौजेतून नायक म्हणून रिटायर होऊन आला, तेव्हापासून वाडीत त्याचं मूळ नाव फक्त रेशनकार्डावर उरलं. बाकी सगळ्यांचा तो 'फौजी'. एसटीचा ड्रायव्हर घाटात जरा जोरात वळला की म्हातारी माणसं म्हणायची, "याला आमच्या फौजीकडं शिकाय पाठवा."

खरं सांगायचं तर जानकू खोटं बोलत नव्हता. डोंगर होता, दरी होती, बर्फही होता. सरकारी कागदावर तो ड्रायव्हरच होता. फक्त त्याच्या गाडीला चार पाय होते.

फौजेत रसद वाहणाऱ्या खात्यात ड्रायव्हर दोन जातीचे. एक मोटारीवाले, त्यांना एमटी म्हणतात. दुसरे खेचरांवाले, ते एटी. एटी म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, "घरी काय असतं?" जानकू म्हणाला, "मेंढरं हायेत, दोन घोडी हायेत." साहेबाला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. पुढची सतरा वर्षं जानकू खेचरांच्या पाठीवर धान्य, रॉकेल, दारूगोळा लादून वरच्या चौक्यांवर पोचवत राहिला. घरी मात्र त्यानं पहिल्याच कार्डात लिहिलं होतं, 'मी ड्रायव्हर झालो.' कार्डावर जागा कमी असते. तो शब्द वाडीत पोचला, तिथून शेजारच्या वाडीत गेला, आणि तिथल्या तुकाबाईच्या बापानं 'पोरगा मिल्ट्रीत गाडी चालवतो' म्हणून पोरगी दिली. आता लग्नाच्या मांडवात उभं राहून कोण खेचराचं नाव काढतो?

तर वाडीत परतल्यावरची दोन वर्षं अशी सुखात चाललेली असताना दादाभाऊ मध्ये आला.

दादाभाऊ म्हणजे तुकाबाईचा भाऊ, दोन्ही वाड्यांच्या दूध संस्थेचा सचिव. दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. तो माजी सैनिकांच्या कुठल्याशा मेळाव्याला जाऊन आला आणि थेट जानकूच्या ओट्यावर येऊन बसला.

"दाजी, पेढं काढा. फौजी ड्रायव्हरला टेस्ट माफ."

"कसली टेस्ट?"

"अवजड गाडीच्या लायसनची. तिथं साहेब सांगत व्हते, फौजेतला ड्रायव्हर असला की नुसती कागदं दाखवायची. गाडी चालवून दाखवायची गरजच न्हाई. आन आपल्या संस्थेनं टँकर घेतलाय. गेणभाऊला मी शब्द देऊन आलो."

"कसला शब्द?"

"टँकरवर तुमी."

जानकूच्या हातातला चहा बशीत गेला. तो म्हणाला, "माझं आता वय झालं, दादाभाऊ."

"बेचाळीस म्हंजे काय वय झालं? गेणभाऊ साठीचा हाय, आजून चेअरमन हाय."

तुकाबाई आतून बाहेर आली, नवऱ्याकडं एकदा पाहिलं, आणि परत आत गेली. त्या पाहण्याचा अर्थ जानकूला तेव्हा कळला नाही. कळता तर पुढचं सगळं टळलं असतं.

सुटकेचा पहिला मार्ग त्यानं त्याच संध्याकाळी काढला. फौजेचं डिस्चार्ज बुक हरवलं म्हणून जाहीर करून टाकलं. सगळ्या घरादारानं शोधलं. पुस्तक त्यानं ट्रंकेच्या तळाशी घोंगडीखाली घातलं होतं. दादाभाऊनं ते दहा मिनिटांत काढलं आणि म्हणाला, "एवढं जपून ठेवलंय, आन म्हणं हरवलं. दाजींचा जीवच हाय त्याच्यात."

दुसरा मार्ग डॉक्टरी दाखल्याचा. डोळे अधू निघाले की प्रश्न मिटला. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. जानकूनं सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर बघून डोळे बारीक केले आणि म्हणाला, "दिसत न्हाई."

डॉक्टर हसून हसून खुर्चीतून घसरायला आले. "अठरा हजार फुटांवर गाडी चालवणारा माणूस म्हणतोय दिसत नाही. फौजी, तुम्ही लोक मस्करी फार करता बुवा." आणि त्यांनी सही ठोकली.

राहता राहिला आरटीओचा कॅम्प. तो तालुक्याला महिन्यातून एकदा भरायचा. एका झाडाखाली टेबल, टेबलामागं चष्मा लावलेले बाबू, आणि टेबलापुढं भीमाशंकराच्या दर्शनाला असते तशी रांग. जानकूनं ठरवलं, इथं खरं सांगायचं. सरकारी माणूस आहे, समजून घेईल. पण दादाभाऊ त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. तरी जानकू वाकून हळूच म्हणाला, "साहेब, त्या पुस्तकात ते एटी लिवलंय ना, ते म्हंजे..."

"माहितीय हो," बाबू मान वर न करता म्हणाले. "ड्रायव्हर, एटी. ऑल टाईप. सगळ्या प्रकारच्या गाड्या."

"तसं न्हाई, साहेब."

"मग कसं? रणगाडा पण चालवलाय की काय?"

रांगेतली मंडळी हसली. दादाभाऊ छाती फुगवून म्हणाला, "चालवला आसंल. आमचे दाजी स्वतःहून सांगत न्हाईत."

पंधरा दिवसांत लायसन आलं. लॅमिनेशन केलेलं, वर जानकूचा घाबरलेला फोटो, खाली 'माजी सैनिक, अवजड मालवाहू व प्रवासी'. ज्या माणसानं आयुष्यात सायकलच्या पलीकडं काही चालवलं नव्हतं, त्याला सरकारनं आता ट्रकपासून बसपर्यंत सगळं चालवायची मुभा दिली होती.

टँकर सोमवारी सकाळी निघायचा होता. वाडीतून दूध घ्यायचं आणि घोडेगाव, मंचर करत कळंबच्या अलीकडच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं. आदल्या संध्याकाळी टँकरच्या आधीच्या मालकाचा ड्रायव्हर चिमाजी तो संस्थेच्या दारात लावून गेला. दाराला उतार होता आणि टँकरचा हँडब्रेक ढिला होता, म्हणून त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. शहाणे ड्रायव्हर असंच करतात. चावी फिरवण्याआधी गिअर काढायचा असतो, हेही शहाण्या ड्रायव्हरांना माहीत असतं.

सकाळी सगळी वाडी जमली. टँकरला झेंडूचा हार, दूध पूजेनंतर भरायचं. शेजारच्या धोंडाबाईनं जानकूला ओवाळलं. चेअरमन गेणभाऊ फेटा बांधून, हातात नारळ घेऊन पुढच्या चाकापाशी उभे. जानकूचा बेत सोपा होता. गाडीत बसायचं, इंजिन चालू करायचं, कान लावून ऐकायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, इंजिनाचा आवाज बरोबर न्हाई, मिस्त्रीला दाखवा. चावी कुठं असते आणि कशी फिरवतात, हे त्यानं एसटीत पुढच्या बाकावर बसून दोनदा पाहून ठेवलं होतं.

त्यानं चावी फिरवली. टँकरनं एक मोठी ढुसणी मारली, खाकरला आणि चालायला लागला.

एक बरं होतं. पहिला गिअर असल्यामुळं टँकर माणसाच्या चालीनं चालला होता. गेणभाऊ नारळ घेऊन शेजारी चालायला लागले. "फौजी, नारळ राहिला की."

जानकूनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्याच्या पायाशी तीन पट्ट्या होत्या आणि त्यातली कोणती कशाची हे देवाला ठाऊक. सतरा वर्षांची सवय हातात आली. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून छातीकडं ओढलं, लगाम ओढतात तसं, आणि हलक्या, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "होऽ होऽ, बाई. थांब. उभी ऱ्हा."

टँकर उभा राहिला नाही. मारुतीच्या देवळावरून, टपरीवरून, पाण्याच्या टाकीवरून तो सावकाश चालत गेला आणि मागं सगळी वाडी चालत निघाली. जानकूचा चेहरा दगडासारखा झाला होता. टपरीवरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बघ, किती धीरानं चालवतोय. बर्फातली सवय."

"आन गाडीसंगं बोलतोय कसा, लेकरासंगं बोलावं तसा."

पुढं वाट वळत होती. टँकर वळला नाही. समोर लंकाबाईची कडब्याची गंजी होती आणि गंजीच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, बिनकठड्याची विहीर. टँकर नाकाड घेऊन गंजीत शिरला, काचेपर्यंत आत गेला, दोन आचके दिले आणि बंद पडला.

 गेणभाऊंनी गंजी पाहिली, विहीर पाहिली, आणि हातातला नारळ तसाच धरून सगळ्यांकडं वळले.

"ब्रेक गेलं व्हतं," ते म्हणाले. "माणसानं गाडी इहिरीत न्हाई घातली. गंजीत घातली. दुसरा कुणी आसता तर आज टँकर बी गेला आसता आन माणूस बी."

मिस्त्री आला. मिस्त्रीला 'ब्रेक बघ' म्हटलं की तो बघतो, आणि त्यानं बघितले की ते गेलेलेच निघतात. टँकर दोरीनं ओढत गॅरेजला गेला, तो दोन महिने तिथंच राहिला. टँकरच्या गळ्यातला हार जानकूच्या गळ्यात पडला. लंकाबाई तेवढी म्हणाली, "ते सगळं खरं, पर गंजी कोण रचून देणार?" जानकूनं दिवसभर एकट्यानं गंजी रचून दिली. वैरण रचणं त्याच्या हातचं होतं. त्या दिवशी तेवढं एकच काम त्याला धड जमलं.

इतक्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चौथ्या दिवशी गेणभाऊ घरी आले. शाळेच्या समितीवरही तेच होते, आणि सहल अलिबागला न्यायची होती, पोरांना समुद्र दाखवायला. बस मिळत होती, पण ड्रायव्हर आपला आपण आणायचा.

"पोरांचा जीव मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "अठ्ठेचाळीस पोरं हायेत. तुमीच न्यायचं."

चौथीतली समृद्धी, जानकूची धाकटी, उड्या मारत आली. "बाबा, मी तुमच्या शेजारच्या शीटवर बसणार. मला घाट बघायचाय."

आजवर जानकूला लाज वाटली होती, घाम फुटला होता, हसूही आलं होतं. आता पहिल्यांदा त्याला भीती वाटली. टँकर रिकामा होता. बस रिकामी नसणार होती.

गेणभाऊ गेल्यावर तो चुलीपाशी जाऊन बसला. तुकाबाई भाकऱ्या थापत होती. त्यानं एक लाकूड चुलीत सारलं आणि म्हणाला, "तुला एक सांगायचंय. फौजेत मी गाडी चालवत नव्हतो."

"खेचरं व्हती," तुकाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? मी धनगराची लेक हाय. सतरा वर्षं सुट्टीला येत व्हता. कपडे मी धुतले. डिझेलचा वास एकदा बी आला न्हाई. जनावराचा मातुर लई यायचा."

"मग बोलली का न्हाई?"

"तुमी आपलं बर्फात जाऊन येत व्हता. चार माणसांत बोलायला मजा वाटायची तुमाला. मला काय त्रास व्हता त्याचा?" तिनं भाकरी उलटली. "आता मातुर पोरीला शेजारी बसवणार म्हणताय. आता त्रास हाय."

"मग काय करू?"

"आधी गेणभाऊला सांगा. मग ते लायसन परत देऊन या."

जानकू तसाच उठून गेणभाऊंच्या घरी गेला. एका दमात सगळं सांगून टाकलं. एटी, खेचरं, गंजी, सगळं. गेणभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, उठले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"फौजी, मोठी माणसं आशीच आसतात. ज्याला येतं तो म्हणतो मला येत न्हाई. आमच्या संस्थेत सगळं उलटं हाय. बस तुमीच न्यायची."

जानकू परत आला. तुकाबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि स्वतः गेली. दाराच्या बाहेरूनच म्हणाली, "गेणभाऊ, गंजी रचताना ह्यांची कंबर धरलीया. चार तास बसवायचं न्हाई."

"अरं रामा," गेणभाऊ म्हणाले. "मग चिमाजीला सांगतो."

खरं पटवायला जानकूला अर्धा तास कमी पडला. खोटं दारातच पटलं.

पुढच्या कॅम्पला तो एकटाच गेला. झाडाखाली तेच बाबू होते. जानकूनं लायसन टेबलावर ठेवलं. "साहेब, हे परत घ्या. मला गाडी चालवता येत न्हाई."

बाबूंनी चष्मा काढला. "रद्द करायला कारण लागतं."

"हेच कारण. येत न्हाई."

"असं तोंडी कसं चालेल? येत नाही हे दिसायला पाहिजे. त्यासाठी टेस्ट घ्यावी लागेल."

"मग घ्या. आत्ता घ्या."

बाबूंनी लायसन उलटंपालटं करून पाहिलं, फाईल काढली, पान उलटलं आणि खिन्नपणे मान हलवली. "तुम्हाला टेस्ट माफ आहे."

जानकू लायसन खिशात घालून झाडाखालून बाहेर आला. घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं, तेव्हा तुकाबाई पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "परत घेत न्हाईत तर न्हाई. शिकून घ्या. टँकर दोन महिनं गॅरेजलाच हाय. आधी बारकी गाडी शिका, मग चिमाजीच्या शेजारी बसून मोठी. रिकामा टँकर धड न्याल तवा दूध भरू. पोरं त्याच्या बी नंतर."

घोडेगावात शिकलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाडीत कळलं असतं. म्हणून जानकूनं नारायणगावचं एक मोटार ट्रेनिंग स्कूल गाठलं. घरातून निघताना तो कंबरेला हात लावून निघायचा. दादाभाऊनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की दाजी नारायणगावला मालीश घ्यायला जातात.

शिकवणारी श्रेया नावाची बावीस वर्षांची पोरगी होती, स्कूल तिच्या वडिलांचं. छोटी पांढरी मोटार, वर लाल अक्षरात 'एल', आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काका, आधी काही चालवलंय?"

"सायकल," जानकू म्हणाला. मागचा सगळा इतिहास तिला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

श्रेयाचा आवाज फौजेतल्या उस्तादासारखा होता. "काका, क्लच हळू. काका, स्टिअरिंग फिरवायचं असतं, ओढायचं नसतं. काका, गाडीला 'हो बाई' म्हणून उपयोग नाही, ब्रेक दाबा." पण दहाव्या दिवशी जानकू जुन्नरच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरपर्यंत पोचला. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव मागं पळत होते. त्याला आपण विमान चालवतोय असं वाटत होतं.

तेवढ्यात एका हवालदारानं रस्त्याच्या कडेला हात दाखवला. श्रेयानं तिच्या ब्रेकनं गाडी थांबवली.

"शिकवणाऱ्याचं लायसन," हवालदार म्हणाला.

श्रेयानं पर्स उघडली, उपसली, आणि तिचा चेहरा उतरला. "साहेब, दुसऱ्या पर्समध्ये राहिलं."

"वा. शिकवणारीकडं लायसन नाही, शिकणारा तर शिकतोच आहे. म्हणजे या गाडीत एकाकडं पण लायसन नाही. गाडी घ्या बाजूला."

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. जानकूला ते बघवेना. त्यानं खिशात हात घातला. लॅमिनेशनचा कोपरा हाताला लागला. तरी काढावं की नाही, याचा त्यानं एक श्वासभर विचार केला, आणि काढून दिलं.

हवालदारानं वाचलं. परत वाचलं. अवजड, मालवाहू, प्रवासी, माजी सैनिक. त्यानं टाच जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. जानकूनंही बसल्या जागी, सवयीनं, तितकाच कडक परत दिला.

"साहेब, आधी सांगायचं ना. नवीन पोरांची परीक्षा घेत फिरताय होय?" मग तो श्रेयाकडं वळला. "आणि तू कुणाला शिकवतेस? हा माणूस तुझ्या जन्माआधीपासून हिमालयात गाडी चालवतोय. आता लायसन जवळ नाही ना, मग तू स्टिअरिंगला हात लावायचा नाही. साहेब, हिला जुन्नरपर्यंत घेऊन जा, आणि गाडी कशी चालवतात ते एकदा दाखवा."

गाडी हलली. चांगली हलली, एकही गचका न देता. शंभर पावलं गेल्यावर श्रेया म्हणाली, "काका, तुम्ही हेवी लायसनवाले?"

"खेचरं व्हती पोरी," जानकू म्हणाला. "सतरा वर्षं."

तिनं सीटचा पट्टा ओढून घट्ट केला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं. मग इथून मागं वळवा, घरी जाऊ. रिव्हर्स घ्या."

"रिव्हर्स तू गुरुवारी शिकवणार व्हतीस."

आज सोमवार होता. वळायला जागा मिळेना, म्हणून दोघं तसेच पुढं पुढं जात थेट जुन्नरला पोचले. तिथं एक मोठं रिकामं पटांगण सापडलं. जानकूनं त्यात घाण्याच्या बैलासारखा एक लांबलचक गोल फेरा घेतला आणि गाडीचं तोंड नारायणगावकडं केलं.

परतताना हवालदार त्याच जागी उभा होता. पांढरी गाडी दिसताच त्यानं पुन्हा टाच जुळवली आणि पुन्हा कडक सॅल्यूट ठोकला. जानकू सरळ समोर बघत निघून गेला. सॅल्यूट परत न देण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पण गाडी तिसऱ्या गिअरला होती, आणि चालत्या गाडीत उजवा हात कसा सोडायचा हे श्रेयानं अजून शिकवलं नव्हतं.